वाहनांचे अंतरंग : सोय, शोभा आणि सुरक्षितता

वाहनाचा विचार करताना सर्वसाधारणपणे त्याचे इंजिन, त्याचा वेग, त्याला लागणारे इंधन आणि त्याची किंमत यांचीच चर्चा होते. वाहनात बसणाऱ्या माणसाचा संबंध मात्र इंजिनापेक्षा वाहनाच्या अंतरंगाशी अधिक येतो. आसन, पाठीचा टेकू, पायांसाठी जागा, खिडकी, दार, धरावयाची दांडी, समोरचा डॅशबोर्ड आणि छत या सर्वांची मिळून वाहनाची आतील रचना सिद्ध होते. ही रचना केवळ शोभेची बाब आहे असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात प्रवाशाचे आरोग्य, चालकाची कार्यक्षमता आणि अपघातप्रसंगी माणसाचे प्राण या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. खेड्यापाड्यांतून मोटारगाड्या, शाळेच्या गाड्या आणि मालवाहू ट्रक यांची संख्या वाढत असताना या विषयाची ओळख लोकप्रतिनिधींना, शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना असणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

भंडारा जिल्हा आणि वाहन उद्योग

भंडारा जिल्हा भाताचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा आणि कोशाच्या कापडाचा जिल्हा म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. वाहन उद्योगाच्या नकाशावरही या जिल्ह्याला स्थान आहे, हे तितकेसे ठाऊक नसते. लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँड या कंपनीचा कारखाना १९८२ साली सुरू झाला. ट्रकचे गिअरबॉक्स आणि वाहनांची जोडणी यांसाठी तो ओळखला जातो. भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा क्रमांक ५३ आहे, हा पूर्व आणि पश्चिम भारताला जोडणारा मालवाहतुकीचा प्रमुख रस्ता होय. ट्रक तयार होतो तोही येथे आणि रात्रंदिवस ट्रक धावतात तेही येथूनच. साहजिकच वाहनाच्या अंतरंगाचा अभ्यास ट्रकच्या केबिनपासून सुरू करणे या जिल्ह्याच्या दृष्टीने उचित होईल.

ट्रकची केबिन : चालकाचे घर

आपल्या देशात दीर्घकाळ अशी पद्धत होती की, कारखान्याने इंजिन, चाके व सांगाडा असलेली चासिस विकावी आणि केबिन व मागचा हौदा गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडून करून घ्यावा. लाकूड, पत्रा आणि रेक्झिन यांतून हे कारागीर केबिन उभी करीत. त्यांचे कसब मोठे होते. रंगकाम आणि नक्षी यांत तर त्यांचा हात धरणारा विरळा. परंतु लाकडी केबिन टकरीत सहज मोडते, इंजिनाची उष्णता व आवाज आत येतो आणि साध्या फळीवरील गादीमुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का चालकाच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. आठ-दहा तास अशा आसनावर बसणाऱ्या चालकाला कंबरदुखी आणि पाठदुखी जडली तर त्यात नवल नाही.

विदर्भातील उन्हाळ्याने या प्रश्नाला अधिक तीव्र रूप दिले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. पुढच्या मोठ्या काचेतून येणारे ऊन आणि खालून येणारी इंजिनाची धग यांमुळे केबिनमधील तापमान बाहेरच्याहून अधिक राहते. उष्णतेने शरीरातील पाणी कमी होते, लक्ष विचलित होते, हातापायांची प्रतिक्रिया मंदावते आणि डुलकी लागते. म्हणजेच केबिनमधील उष्णता हा केवळ चालकाच्या सुखसोयीचा प्रश्न नसून रस्त्यावरील प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हे ध्यानात घेऊन केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक केली. २०२५ सालापासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकना हा नियम लागू झाला आहे. जुन्या ट्रकवरील चालकांना मात्र छताला उष्णतारोधक अस्तर, इंजिनाच्या आवरणावर जाड थर, हवेचा पंखा आणि पाण्याची सोय अशा साध्या उपायांवरच भिस्त ठेवावी लागणार आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंजिन चालू ठेवून, काचा पूर्ण बंद करून केबिनमध्ये झोपणे धोक्याचे असते. धुराच्या नळीत गळती असल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरतो. त्याला रंग नसतो व वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

मोटारीच्या आसनामागचे शास्त्र

मोटारगाडीच्या अंतरंगाकडे वळण्यापूर्वी वेगाचे साधे गणित समजून घेतले पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडते. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून, अर्थात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. मोटार आदळून थांबते, परंतु आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील जडत्वाचा नियम तो हाच.

सत्तर किलो वजनाचा माणूस या वेगाने डॅशबोर्डवर आदळून अवघ्या १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या शरीरावर जवळपास ७ टन वजनाइतका दाब येतो. तोच माणूस आसनपट्टा, हवापिशवी व गाडीच्या पुढील भागाचे चेपणे यांच्या साहाय्याने ५० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर हा दाब पाचपटीने कमी, म्हणजे सुमारे दीड टनाच्या आत येतो. माणसाला थांबण्यासाठी अधिक अंतर आणि अधिक वेळ मिळवून देणे, तसेच आघात छातीच्या व कमरेच्या मजबूत हाडांवर विभागून देणे, हे अंतर्गत रचनेचे पहिले काम आहे.

यासाठी वापरला जाणारा तीन ठिकाणी बांधला जाणारा आसनपट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी विकसित केला. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा हा पट्टा आज जगभर रूढ आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासाठी हवापिशवी आणि पट्टा न बांधल्यास वाजणारी सूचनाघंटी आवश्यक झाली. त्यानंतर २०२१ मध्ये चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही हवापिशवी बंधनकारक झाली. मोटारींची टक्कर चाचणी घेऊन तारांकन देणारा 'भारत एनकॅप' हा कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला. मोटार विकत घेताना रंग व आसनाचे कापड पाहण्याआधी हे तारांकन पाहण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी.

मागील आसनावर बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, ही समजूत मात्र अद्याप दूर झालेली नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी यांचे निधन झाले. दोघेही मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते. गाडी महागडी होती. तिच्या अंतरंगात सर्व सोयी होत्या. वापरली न गेलेली सोय माणसाला वाचवू शकत नाही, हाच यातील धडा होय. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार चौदा वर्षांखालील मुलांनाही पट्टा अथवा मुलांसाठीचे खास आसन आवश्यक आहे. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे हा मायेचा प्रकार वाटला तरी टकरीत आई-वडिलांचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत.

हवापिशवी व पट्टा यांच्याइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे मानेमागचा टेकू. मागून धक्का बसल्यावर डोके मागे झुकते व मानेला इजा होते. टेकूचा वरचा भाग साधारणपणे डोक्याच्या माथ्याच्या पातळीत आणि डोक्याच्या जवळ असला पाहिजे. पुष्कळ मोटारींमध्ये तो विकत घेतल्या दिवशी जितका खाली होता तितकाच अखेरपर्यंत राहतो.

सजावटीची मर्यादा

आपली गाडी आपल्या आवडीप्रमाणे सजवावी ही इच्छा स्वाभाविक आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हे याचे उत्तम उदाहरण. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही अनेक दशके या शहराची ओळख होती. तिच्या छताचे रंगीत अस्तर, आसनांची फुलाफुलांची आवरणे आणि डॅशबोर्डवरील देवाची मूर्ती यांतून प्रत्येक चालक आपले व्यक्तिमत्त्व व्यक्त करी. २०१५ साली 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमाद्वारे तरुण चित्रकारांनी व आरेखनकारांनी मुंबईच्या टॅक्सींची आसने व छते स्वतः रेखाटलेल्या कापडांनी मढविली आणि या लोककलेकडे देशाबाहेरच्यांचेही लक्ष गेले. वयोमर्यादेच्या नियमामुळे पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

त्या काळच्या गाडीत हवापिशवी नव्हती. आजच्या गाडीत ती आहे. त्यामुळे सजावटीचे नियमही बदलले आहेत. हवापिशवी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगते. तिच्या झाकणावर ठेवलेली मूर्ती, अत्तराची कुपी किंवा भ्रमणध्वनी ठेवण्याचा स्टँड त्या क्षणी गोळीसारखा अंगावर येतो. काही गाड्यांमध्ये हवापिशवी आसनाच्या बाजूच्या शिवणीतून बाहेर पडते; तेथे जाड आवरण चढविल्यास तिची वाटच बंद होते. आरशाला लटकवलेल्या माळा व खेळणी चालकाची दृष्टी अडवितात. काचांच्या बाबतीत पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. तारा कापून बसविलेले जादा दिवे व ध्वनिवर्धक हे तर आगीला आमंत्रणच ठरतात.

बंद मोटारीतील उष्णतेचाही येथे विचार करावयास हवा. काचेतून आत आलेले ऊन आसने व डॅशबोर्ड तापविते. तापलेली हवा मात्र बाहेर जाऊ शकत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान एका तासात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात लहान मुलाला 'दोन मिनिटांसाठी' गाडीत ठेवून जाणे किती घातक आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

एस.टी.चे अंतरंग

ग्रामीण महाराष्ट्राचे खरे वाहन म्हणजे एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हा बेडफर्ड गाड्यांची बांधणी लाकडी होती आणि आसनांत काथ्या भरलेला असे. पुढे अॅल्युमिनियमची बांधणी आली. अलीकडे पोलादी सांगाड्याच्या बसगाड्या आल्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेनंतर 'एशियाड' या नावाने लोकप्रिय झालेल्या निमआराम गाडीने आरामशीर आसन सर्वसामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आणले. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांमधून बसबांधणीचे काम चालत आले आहे. यांपैकी नागपूरजवळील हिंगणा येथील कार्यशाळा विदर्भाला जवळची.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे या सवलती सुरू झाल्या. परिणामी एस.टी.तील प्रवाशांत वृद्धांचे व महिलांचे प्रमाण लक्षणीय झाले. पंचाहत्तरीच्या आजीला पहिली पायरी किती उंच वाटते, दारातील दांडी तिच्या हाताला लागते काय, आसनाच्या कडेला आधार आहे काय, सामानाचा कप्पा किती उंच आहे, हे प्रश्न आता किरकोळ राहिलेले नाहीत. तिकीट मोफत असले तरी पायरी चढता आली नाही, तर सवलतीचा लाभ दारातच थांबतो.

आग आणि बाहेर पडण्याचा मार्ग

१ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी शयनयान बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दाराच्या बाजूवर कलंडल्याने नेहमीचा मार्ग बंद झाला. जे थोडे वाचले त्यांतील काही काच फोडून बाहेर पडले. विदर्भाला चटका लावून गेलेल्या या दुर्घटनेने अंतर्गत रचनेचा प्रश्न ऐरणीवर आणला.

आसनातील फोम, रेक्झिन, प्लॅस्टिकचे पत्रे आणि पडदे हे सर्व ज्वलनशील असतात. फोम जळताना निघणारा विषारी धूर ज्वाळेच्या आधी माणसाला बेशुद्ध करतो. म्हणून वाहनात वापरावयाच्या साहित्याची ज्वलनचाचणी घेतली जाते : साहित्याची पट्टी आडवी धरून तिच्या टोकाला ज्योत लावतात आणि आग किती वेगाने पुढे सरकते ते मोजतात. स्वस्तात बदलून घेतलेल्या आवरणांनी अशी परीक्षा दिलेली असेलच असे नाही. बसबांधणीसाठी देशात स्वतंत्र मानके आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था व भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था यांसारख्या संस्थांमध्ये वाहनांची तपासणी होते. लांब पल्ल्याच्या बस व शालेय बस यांच्या प्रवासी कक्षात आगीची सूचना देणारी व आग आटोक्यात आणणारी यंत्रणा असावी, अशी अधिसूचना केंद्र शासनाने २०२२ मध्ये काढली.

'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरे प्रत्येकाने वाचलेली असतात. तो मार्ग उघडतो काय, हे क्वचितच कोणी पाहिलेले असते. त्यासमोर जादा आसन बसविणे, सामान रचणे किंवा दार गंजू देणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय तो पन्नास माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

शाळेची गाडी : समितीचे उत्तरदायित्व

या विषयात गावपातळीवर सर्वाधिक करता येण्याजोगे काम शाळेच्या गाडीचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०११ साली शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार शाळेच्या मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावयास हवी. काही ठिकाणी ही समिती कागदावरच राहते. तिने सत्राच्या प्रारंभी व नंतर ठरावीक काळाने गाडीच्या आत चढून पुढील गोष्टी स्वतः पाहिल्या पाहिजेत :

(१) आसने जमिनीला घट्ट जखडलेली आहेत काय. हाताने हलविल्यास हलतात काय. मधल्या जागेत सुटा बाक टाकलेला असल्यास तो तत्काळ काढावा.

(२) आसनांच्या मागील दांड्या, खिळे, फाटलेला पत्रा अशा टोकदार वस्तू मुलांच्या तोंडाच्या उंचीवर आहेत काय.

(३) संकटकाळी बाहेर पडण्याचे दार आतून एका हाताने उघडते काय. ते सर्वांसमक्ष उघडून पाहावे.

(४) अग्निशामक नळकांडे मुदतीतील आहे काय, ते चालकाच्या हाताशी आहे काय आणि ते चालविण्याचे ज्ञान चालकास व मदतनीसास आहे काय.

(५) प्रथमोपचार पेटीत औषधे आहेत काय, की पेटी रिकामी आहे.

(६) खिडक्यांना आडव्या दांड्या असल्यास त्यांतील अंतर एवढे आहे काय की मुलाचे डोके अडकणार नाही.

(७) दप्तरांसाठी स्वतंत्र जागा आहे काय; चालण्याच्या वाटेत दप्तरे पडून राहतात काय.

या तपासणीला खर्च येत नाही. अर्धा तास लागतो. विज्ञानाच्या शिक्षकाने जडत्वाचा पाठ उभ्या असलेल्या शाळेच्या गाडीत घेतला, तर आसनपट्टा व दांडी यांचा उपयोग मुलांच्या कायम लक्षात राहील. वर्षातून एकदा गाडी रिकामी करण्याचा सराव घेतल्यास गाडीतून बाहेर पडण्यास किती वेळ लागतो हेही कळेल.

रोजगार आणि स्थानिक साधने

वाहनाच्या अंतरंगात काम करणारे अनेक हात असतात : आरेखन करणारा, पत्राकाम करणारा, वायरिंग करणारा, शिवणकाम करणारा आणि कुशन भरणारा. या क्षेत्रातील उच्च शिक्षणासाठी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक आरेखन केंद्र (१९६९) या संस्था प्रसिद्ध आहेत. चित्रकला चांगली असलेल्या, परंतु विज्ञानातही गती असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी ही वाट दाखवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पत्राकाम, शिवणकाम व मोटार दुरुस्ती यांसारखे अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुणांनाही येथे काम आहे. बाजारातील कुशन कारागिराला आग न पकडणारे साहित्य कोणते, हवापिशवीची शिवण कोणती, एवढे ज्ञान मिळाले तरी त्याच्या कामाचे मोल वाढेल.

स्थानिक कच्च्या मालाचा विचारही उद्‌बोधक आहे. कोशाचे कापड सुंदर असते व ते सहज पेट घेत नाही. परंतु सततच्या उन्हाने रेशमाचा धागा कमजोर होतो, म्हणून आसनासाठी ते टिकाऊ ठरणार नाही. भाताच्या तुसाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने आपल्या २०१४ सालच्या एफ-१५० या मालवाहू गाडीतील विद्युत तारांच्या जोडणीच्या भागासाठी भाताचे तूस मिसळलेले प्लॅस्टिक वापरले. ताग व अंबाडीसारख्या धाग्यांपासून दाराची आतील पटले तयार करण्याची पद्धतही परदेशी कारखान्यांत रूढ आहे. ज्या जिल्ह्यात भातगिरण्यांतून तुसाचे ढीग साचतात, तेथील तंत्रशिक्षण संस्थांनी या दिशेने प्रयोग करून पाहण्यासारखे आहे.

वाहन बाहेरून कसे दिसते हे रस्त्यावरचे लोक पाहतात. ते आतून कसे आहे याचा अनुभव बसणाऱ्याला येतो. चालकाची केबिन सुसह्य असणे, वृद्धेला एस.टी.ची पायरी चढता येणे, शाळेच्या गाडीतील संकटकाळचे दार उघडणे या गोष्टी विकासाच्या मोठ्या आकडेवारीत दिसत नाहीत. तथापि विकास अखेर माणसासाठी असतो, आणि माणूस रोज ज्या जागेत बसतो त्या जागेची काळजी घेणे हा त्याचाच एक भाग होय. ग्रामपंचायतींनी आपल्या गावात येणाऱ्या शालेय वाहनांची नोंद ठेवावी, शाळांनी परिवहन समित्या कार्यरत कराव्यात आणि दोष आढळल्यास प्रादेशिक अथवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे. एवढे झाले तरी नियम कागदावरून गाडीच्या आत पोहोचतील.